सेल्फ सोडला की पकडते: सहा पावसाळे उभ्या राहिलेल्या पद्मिनीचं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. किल्ली फिरवली, सेल्फ व्यवस्थित घरघरतोय, इंजिन फिरतंय, पण एक ठिणगी पेटल्याचं लक्षण नाही. आठ-दहा सेकंदांनी कंटाळून किल्ली सोडली की नेमकं त्याच क्षणी इंजिन एकदा ‘भक्’ करतं. कधी पकडतं, कधी पुन्हा मुकं. धक्का मारला तर दहा पावलांत सुरू. एकदा सुरू झाली की दिवसभर कुरकुर नाही. पंधरा-वीस दिवस उभी राहिली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गाडी माझ्या आतोबांची. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, पांढरी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आतोबा गेल्यावर ती गुहागरजवळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा पावसाळे उभी होती. “भंगारवाला दर महिन्याला विचारून जातो, तू तरी घेऊन जा,” असं आत्या म्हणाली आणि टेम्पोत घालून मी ती साताऱ्याला आणली. तेव्हापासून दीड वर्षात पॉइंट दोनदा, कन्डेन्सर, चार प्लग, कॉइल आणि शेवटी डेल्कोची कॅप एवढं सगळं बदललं. (कॉइल बॅटरीच्या करंटमधून ठिणगीचा जोर तयार करते, डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर तो एकेका प्लगला वाटतो, आणि त्याच्या आतले पॉइंट कॉइलचा करंट जोडतात-तोडतात.) दर वेळी गाडी आठवडाभर बरी चालायची आणि पुन्हा तेच.

दर वेळी ती आठवडाभर बरी का चालायची, हे कळायला मला फार उशीर झाला. त्याकडे येतोच. त्याआधी, ज्यांची गाडी अजून शेडमधून बाहेरही आलेली नाही त्यांच्यासाठी थोडं.

पहिल्यांदा किल्ली फिरवण्याआधी

घाई करू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने थोडी पुढे-मागे ढकला. इंजिन अडकत नाही याची खात्री झाली की न्यूट्रलमध्ये आणून मगच सेल्फ. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा वास वॉर्निशसारखा येतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये त्याचा डिंक होतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे चार-सहा महिन्यांपूर्वीचं पेट्रोलही भरवशाचं नाही. इंजिन ऑइल बदला. एवढं पुरे, कारण आजचा विषय करंटचा आहे.

करंट आहे की नाही

आमच्याकडचे मिस्त्री प्लग काढून तो इंजिनाला टेकवतात आणि सेल्फ मारायला सांगतात. ठिणगी दिसली की “करंट आहे साहेब, पेट्रोलचं बघा.” ही चाचणी खोटी नाही, पण अर्धवट आहे. मोकळ्या हवेत ठिणगी उडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडायला तिला जास्त जोर लागतो. म्हणून ठिणगी आहे की नाही एवढंच पाहू नका, ती कशी आहे ते पाहा.

कॉइलमधून कॅपच्या मध्यभागी जाणारी जाड वायर कॅपमधून उपसा. रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या कोऱ्या लोखंडापासून पाच-सहा मिमीवर धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारू द्या. आसपास पेट्रोल सांडलेलं नको, कार्ब्युरेटर उघडा नको. निळी ठिणगी ‘टक टक’ असा कडक आवाज करत उडाली तर कॉइलपर्यंतचं सगळं ठीक. पिवळी, बारीक, आवाज नसलेली असेल तर ती नसल्यातच जमा. माझी पिवळी होती. पण सेल्फ न मारता, नुसती किल्ली चालू ठेवून, पॉइंट स्क्रू ड्रायव्हरने उघड-मीट केला की मात्र निळी! गाडी इतक्या स्पष्टपणे सांगत होती, पण मी ते ऐकलं नाही.

पॉइंट

उभ्या गाडीत सगळ्यात आधी पॉइंट मरतात. गंजून नव्हे, त्यांच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा धरतो म्हणून. कोकणातल्या हवेत दोन महिनेही पुरतात. टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावा, दुसरी इंजिनला. किल्ली चालू. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझायला हवा, उघडले की लागायला हवा. सतत लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटूनही करंट अर्थला जात नाही, म्हणजे पापुद्रा आहे किंवा आतली छोटी वायर तुटली आहे. कधीच लागत नसेल तर एक तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही, नाही तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. नवीन पॉइंट बसवल्यावर लगेच असं झालं असेल तर नव्वद टक्के वेळा करंट अडवणारा फायबरचा छोटा वॉशर चुकीच्या बाजूला बसलेला असतो. मी स्वतः तो एकदा चुकीचा बसवला आहे आणि एक आख्खा रविवार त्यात घालवला आहे.

पापुद्रा काढायला सहाशे नंबरचा पॉलिश पेपर दोन वेळा हलकेच फिरवा. मग कोऱ्या कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून दोन्ही पॉइंटच्या मधून ओढा. पट्टी काळी निघते. काळी निघायची थांबेपर्यंत ओढा. आणि ही गोष्ट अनुभवी माणसंही विसरतात: खोक्यातून काढलेल्या नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ हात असतो. तो न पुसता बसवला की नवे कोरे पॉइंटही करंट देत नाहीत आणि आपण कॉइलवर संशय घेत बसतो.

गॅप, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडल्यावरचं अंतर, फिलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) लावा. कुठला डिस्ट्रिब्युटर बसवलेला आहे त्यावर आकडा थोडा बदलतो, साधारण ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान असतो. हॅक्सॉ ब्लेडने गॅप लावणारे मिस्त्री अजून भेटतात. ब्लेडची जाडी ०.६ मिमीच्या आसपास असते, म्हणजे प्लगला चालून जाईल, पॉइंटला नाही. गॅप लावताना डेल्कोचा दांडा आडवा हलवून पाहा. दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलेले असतील तर एका टोकाला गॅप बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक येणार, आणि मग कितीही वेळा लावला तरी इंजिन मिसिंग मारणार.

पॉइंटचा जो फायबरचा तुकडा कॅमवर घासतो, त्याच्या जागी टाचणीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस हवं. उभ्या गाडीत ते वाळून गेलेलं असतं. कोरडा तुकडा भराभर झिजतो, गॅप आपोआप कमी होतो, टाइमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं, आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर “परवाच तर ट्यूनिंग केलं होतं” म्हणायची पाळी येते. क्रम एकच: आधी गॅप, मग टाइमिंग. उलटं केलंत तर टाइमिंग पुन्हा करावं लागेल.

कॅप, रोटर, वायरी आणि उंदीर

माझ्या गाडीत एअर क्लिनरच्या वर नारळाच्या शेंडीचं सुबक घरटं होतं. दोन नंबरच्या प्लगची वायर मधोमध कुरतडलेली, पण वरचं रबर धरून होतं म्हणून बाहेरून शाबूत दिसत होती. वायरी हाताने वाकवून, दाबून बघा, नुसत्या नजरेने नको. परत बसवताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, रोटर, म्हणजे कॅपखाली फिरत एकेका वायरीला करंट देणारा तुकडा, फिरतो त्या दिशेने.

कॅप आतून पाहा. पेन्सिलने मारल्यासारखी बारीक काळी रेघ दोन खुंट्यांच्या मधे दिसली तर करंटने तिथून चोरवाट काढली आहे. पुसून ती जात नाही, कॅप बदला. मधला कोळसा स्प्रिंगवर खाली-वर होतो का ते बोटाने दाबून पाहा. ओलाव्यात तो वर अडकून बसतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींभोवती निळसर काजवे चमकताना दिसले तर शोधायला लांब जायला नको.

रोटरची चाचणी फार थोडे लोक करतात. कॅप काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून चार-पाच मिमीवर धरा आणि पॉइंट उघड-मीट करा. ठिणगी उडायला नको. उडाली तर रोटरला आतून तडा आहे आणि करंट खालच्या दांड्यातून पळतोय.

आता मूळ दुखणं

इथपर्यंतचं सगळं मी केलं होतं, काही गोष्टी दोनदा. तरी किल्ली सोडल्यावरच पकडायची. शेवटी एका रविवारी ट्यूनिंगबिनिंग बाजूला ठेवून साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बॅटरीवर १२.५ व्होल्ट. कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टर्मिनलवरही १२.५. म्हणजे सगळं छान. सहा मिस्त्रींनी टेस्ट लॅम्प लावून मला हेच सांगितलं होतं, “लाईट येतेय.” मग सहज चाळा म्हणून फॅन थोडा फिरवला, त्याबरोबर इंजिनही जरासं फिरलं, पॉइंट मिटले आणि मीटरवरचा आकडा १०.१ वर आला.

ही अगदी साधी गोष्ट आहे आणि ती माहीत नसल्यामुळे मी दीड वर्ष घालवलं. पॉइंट उघडे असताना कॉइलमधून करंट वाहतच नाही. करंट वाहत नसेल तर वाटेतला गंज, सैल जोड, काळवंडलेला स्विच यांचा काही फरक पडत नाही, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. टेस्ट लॅम्पचा बल्बही इतका कमी करंट खातो की तोही मजेत लागतो. पॉइंट मिटले की साधारण तीन ओहमच्या कॉइलमधून चार अँपिअर वाहायला लागतात आणि तेव्हाच वाटेतली गळती उघडी पडते. पाटाच्या पाण्याचं असंच असतं. तोंडाशी पाट भरून वाहताना दिसतो, पण शेवटच्या शेतकऱ्याला विचारा.

मग हिशोब जुळवायला वेळ लागला नाही. सेल्फ मारताना बॅटरी खाली येणारच. चांगली बॅटरीसुद्धा साडेनऊ-दहापर्यंत उतरते. त्यातून वाटेत आणखी दोन गेले की कॉइलला जेमतेम सात-साडेसात व्होल्ट. पिवळी ठिणगी. किल्ली सोडली की सेल्फचा भार सुटतो, बॅटरी लगेच वर येते, इंजिन मात्र अजून अर्धा-एक फेरा फिरत असतं आणि त्या फेऱ्याला बरी ठिणगी मिळते. म्हणून ‘भक्’. धक्का मारला की सेल्फचा भारच नाही, म्हणून दहा पावलांत सुरू. इंजिन चालू झाल्यावर चार्जिंग होऊन व्होल्टेज चौदाच्या आसपास जातं, म्हणून दिवसभर तक्रार नाही. पंधरा दिवसांत बॅटरी जराशी उतरते आणि पॉइंटवर पापुद्रा धरू लागतो, म्हणून पुन्हा तेच.

आणि नवीन पार्ट टाकल्यावर आठवडाभर बरी का चालायची? कारण कॉइल बदलायची म्हणजे टर्मिनलचे नट खोलून पुन्हा आवळायचे. गंज थोडा खरवडला जायचा. श्रेय कॉइलला, काम पान्याचं.

गळती कुठे आहे ते असं शोधा. पॉइंट मिटलेले, किल्ली चालू, मीटर २० व्होल्टच्या रेंजवर. एक टोक बॅटरीच्या प्लसवर कायमचं धरा. दुसरं टोक वाटेतल्या एकेका जोडावर ठेवत कॉइलकडे चला. आकडा म्हणजे तिथपर्यंत सांडलेलं व्होल्टेज. त्यातून मागच्या जोडाचा आकडा वजा केला की त्या जोडाचा वाटा कळतो. माझ्या कागदावर हे आलं: सेल्फच्या टर्मिनलवरून किल्लीकडे जाणाऱ्या वायरच्या लगला (टोकाच्या धातूच्या कडीला) ०.५, डॅशबोर्डमागच्या एका बुलेट जोडात (दोन वायरींची टोकं एकमेकांत खुपसलेल्या जोडात) ०.३, आणि खुद्द किल्लीच्या स्विचमध्ये १.६. एकूण २.४. परतीच्या वाटेवरही बघायचं असतं: बॅटरीच्या मायनसपासून डेल्कोच्या आतल्या प्लेटपर्यंत ०.४, कारण प्लेटचा स्क्रू गंजलेला. सगळं मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असलं तर हरकत नाही. हे करताना किल्ली दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत राहते आणि चांगली कॉइल अशीच फुकट जाते.

एक पोटदुखी वेगळी: बॅटरीचे क्लॅम्प आणि इंजिनाची अर्थ पट्टी. चार अँपिअरला न दिसणारा गंज सेल्फच्या शंभर-दीडशे अँपिअरला दिसतो, त्यामुळे ती तपासणी सेल्फ मारतानाच करायची. पद्मिनीचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा विद्युत संबंध त्या विणलेल्या पट्टीतूनच. ती तुटकी असेल तर सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो, बहुतेक चोकच्या केबलमधून. चार-पाचदा सेल्फ मारून चोकची केबल हाताला गरम लागली तर दुसरं काही बघूच नका.

उपाय कंटाळवाणा आहे. लग कापून नवा क्रिंप केला, बुलेट जोड घासला, डेल्कोची प्लेट काढून खालची जागा चकचकीत केली. स्विच उघडला तर आतले पितळी संपर्क शेणासारखे हिरवट-काळे. ते साफ केले आणि १.६चे ०.३ झाले. स्विच उघडायचा नसेल, किंवा आतून झिजलाच असेल, तर हॉर्नचा साधा चार पायांचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) घाला: ३० नंबरच्या पायाला बॅटरीवरून पंधरा अँपिअरच्या फ्यूजमधून वायर, ८७ कॉइलला, ८६ला पूर्वी कॉइलला येणारी किल्लीची वायर, ८५ अर्थ. मग किल्लीतून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो. “मूळ गाडीत रिले नव्हता” म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. रॅलीत मांडायची गाडी असेल तर स्विच साफ करा. रोज चालवायची असेल तर मी रिले टाकीन.

घाटात बंद पडली ती वेगळी गोष्ट

हे सगळं झाल्यावर मे महिन्यात आत्याला गाडी दाखवायला गुहागरला गेलो. जाताना काही नाही. परतताना कुंभार्ली घाटात अर्ध्यावर आधी मिसिंग, मग बंद. एक ट्रकवाले मामा थांबले आणि म्हणाले, “पंपावर ओलं फडकं टाका, पेट्रोलची वाफ झाली असेल.” उन्हाळ्यात, चढावर हा सल्ला चुकीचा नाही. पण गाडी थंड व्हायच्या आत करंट तपासायला हवा. अर्ध्या तासानंतर दोन्ही दुखणी सारखीच बरी होतात आणि मग काहीच कळत नाही.

कॅप काढून पॉइंट उघड-मीट केले. कॉइलच्या वायरला बारीक पिवळी ठिणगी, आणि उलट पॉइंटमध्ये मात्र जाडजूड पिवळा जाळ. हा कन्डेन्सर. पॉइंट उघडताना जो करंट तिथे उडी मारू बघतो तो कन्डेन्सरने पोटात घ्यायचा असतो. त्याने घेतला नाही की जाळ पॉइंटवर पडतो आणि कॉइलमध्ये जोर तयार होत नाही. पॉइंटच्या एका तोंडावर टोक आणि दुसऱ्यावर खड्डा पडलेला दिसला तरी आधी त्याच्यावरच संशय घ्या. नुसते पॉइंट बदलत राहिलात तर ते पुन्हा जळणार.

कन्डेन्सर नवा होता, तीन महिन्यांपूर्वीचा. थंड असताना मीटरवर बरोबर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दाखवायचा, तापला की मरायचा. हल्ली सुट्या भागांत असे फार येतात, म्हणून दोन घ्या आणि दुसरा डिकीत ठेवा. माझ्याकडे दुसरा नव्हता, पण आत्याने निघताना आतोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला होता. “तुला लागेल काहीतरी.” त्यात जुने प्लग, दोन रोटर, सुतळीत गुंडाळलेला एक कन्डेन्सर. त्यांनी कधी काढून ठेवला कोण जाणे. बिघडलेल्याची वायर सोडली, जुना लावला, त्याचा पत्रा इंजिनच्या एका बोल्टखाली आवळला. गाडी सुरू झाली आणि कराडमार्गे साताऱ्यात आली. तो कन्डेन्सर अजून तिथेच आहे.

गेल्या आठवड्यापर्यंत गाडी बावीस दिवस उभी होती. चोक ओढला, किल्ली फिरवली. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, पंपाला ते भरायला पाच-सहा सेकंद लागतातच, ती इग्निशनची चूक नव्हे. सहाव्या सेकंदाला पकडली, किल्ली अजून दाबून धरलेली असतानाच. आत्याला फोन लावून इंजिनचा आवाज ऐकवला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “हॉर्न वाजव बघू.”

हॉर्न अजून वाजत नाही. येत्या रविवारी मीटर घेऊन बसतो.